कड पायाला लागतेय आणि बिल्डर म्हणतो “एवढं चालतं”!

प्रश्न (वाकड, पुणे): नमस्कार ताई, तुमचं सदर घरात सगळेच वाचतात म्हणून लिहितोय. आम्ही इथे टू बीएचके घेतला, मार्चमध्ये ताबा मिळाला आणि मेमध्ये राहायला आलो. हॉल आणि दोन्ही बेडरूमला बिल्डरनेच २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून दिल्यात. ताबा घेताना फरशीवर प्लास्टिक आणि पीओपीची धूळ होती त्यामुळे काही दिसलंच नाही, पण राहायला आल्यावर अनवाणी चाललं की पायाला कडा लागायला लागल्या, ठेच लागेल इतक्या नाही पण लागतात. मग गावाहून आई आली, ती काठी टेकत चालते, तिसऱ्या दिवशी म्हणाली “अरे ही फरशी ठिकठिकाणी पोकळ वाजतेय, खाली काही भरलंय की नाही”. मग मी रात्री बसून सगळी फरशी ठोकून पाहिली, ११६ पैकी २७ टाइल्स बद्द वाजतात. बाथरूमची तर वेगळीच तऱ्हा, पाणी नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) जायचं सोडून दाराकडे येतं, रोज वायपर मारावा लागतो. साइट इंजिनिअरला बोलावलं तर तो दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला “सर हाताचं काम आहे, एवढं चालतं, आणि पझेशन लेटरवर तुमची सही आहे”. सगळी फरशी उखडायला लावायची का? रेरात, म्हणजे बिल्डरवरच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, जायचं का? बायको म्हणते भांडण नको, कार्पेट टाकू.

उत्तर: आधी आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या काठीने जे पकडलं ते बिल्डरच्या इंजिनिअरने ताबा द्यायच्या आधी पकडायला हवं होतं. आणि कार्पेट टाकू नका, निदान आत्ता नको, कारण कार्पेटखाली तुमचा पुरावाच झाकला जाईल.

तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. लोक इथेच चुकतात, “सगळी फरशी खराब आहे, सगळी बदला” असं एका दमात म्हणतात आणि समोरच्याला आयतं कोलीत मिळतं, तो सगळ्यात किरकोळ तक्रार पकडतो आणि त्यावरून बाकीच्याही उडवून लावतो. म्हणून वेगवेगळं धरा.

कडांचं आधी घेऊ. दोन शेजारच्या टाइल्समध्ये उंचीचा फरक किती चालतो याचा आकडा तुमच्या करारात बहुतेक नसणारच, तिथे “नामांकित कंपनीच्या टाइल्स” एवढंच लिहिलेलं असतं. पण बाहेरचे आकडे आहेत. ब्रिटिश स्टँडर्डमध्ये ६ मिमीपेक्षा अरुंद सांधा असेल तर १ मिमी फरक चालतो आणि २ मीटरची सरळ पट्टी फरशीवर ठेवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको. अमेरिकन लोक साधारण ०.८ मिमी धरतात, वर टाइलचा स्वतःचा जो काही बाक असेल तो वेगळा. हे आकडे तुमच्या बिल्डरला बंधनकारक नाहीत, पण “चालतं” या शब्दाला उत्तर म्हणून पुरतात. आता मिमी मोजायचं कसं, तर तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्ड काढा. जगभर त्याची जाडी ०.७६ मिमी असते. खालच्या टाइलवर कार्ड आडवं ठेवून वरच्या कडेला भिडवा आणि नख फिरवा, कड कार्डाच्या खालीच राहिली तर सोडून द्या, बोलूच नका. दोन कार्डं एकावर एक ठेवली आणि तरी कड वर आली तर दीड मिमीच्या पुढे गेलं, ती जागा लिहून घ्या. स्टीलची पट्टी लावून फोटो काढा. आणि हे सगळं दिवसा, नेहमीच्या उजेडात उभं राहून बघा, रात्री मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारला तर राजवाड्याची फरशीसुद्धा सह्याद्रीसारखी दिसेल.

पोकळ टाइल्सचं मात्र गंभीर आहे. २७ म्हणजे जवळपास चारातली एक, हे हाताच्या कामाचं उन्नीस-बीस नाही. असं का होतं ते सांगते. आपल्याकडे मिस्त्री स्लॅबवर अर्धओला माल पसरतो, वर सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) ओततो, टाइल ठेवतो आणि रबरी हातोडीने ठोकून लेव्हल आणतो. जुन्या शहाबादी फरशीला, मोझॅकला हे चालायचं कारण ती पाणी पिते आणि सिमेंट धरून ठेवते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, अर्ध्या टक्क्याच्या आत. त्यामुळे नुसत्या स्लरीवर तिची पकड कच्ची राहते, त्यात टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी पावडर असते ती पुसली नाही की संपलंच. म्हणूनच टाइल ॲडहेसिव्ह आलं, त्यासाठी आपलं भारतीय मानकही आहे, आयएस १५४७७. पण ॲडहेसिव्हला पैसे जास्त आणि मजुरी ब्रासवर (शंभर चौरस फुटांच्या हिशेबाने), मग कोण कशाला पाठ पुसत बसतंय!

आता प्रत्येक पोकळ आवाज म्हणजे टाइल उखडणारच असं नाही. मधे हाताच्या पंज्याएवढी जागा पोकळ आणि चारही कोपरे भरीव असतील तर ती टाइल वर्षानुवर्षं टिकू शकते. अमेरिकेतला इंडस्ट्रीचा नियमसुद्धा कोरड्या खोलीत टाइलच्या पाठीच्या ८० टक्के भागाला माल लागलेला हवा असाच आहे, शंभर नाही, ओल्या जागेत ९५. म्हणजे कोपरा किंवा कड पोकळ वाजत असेल, किंवा शेजारशेजारच्या तीन-चार टाइल्स पोकळ असतील तर ते बदलूनच घ्या. कोपऱ्यावर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते, आणि सलग पोकळ पट्टा असला की ती उचलते.

उचलते म्हणजे काय ते मी स्वतः पाहिलंय. आमच्या डोंबिवलीच्या घरात एका डिसेंबरात पहाटे पाचला हॉलमध्ये धाडकन आवाज झाला, आम्हाला वाटलं सिलिंडर गेला, उठून बघतो तर चार टाइल्स तंबूसारख्या एकमेकींना टेकून उभ्या. खाली हात घातला तर माल जिथल्या तिथे आणि टाइलची पाठ पांढरीशुभ्र, सिमेंटचा कण नाही. सांधे “पेपर जॉइंट” केलेले, म्हणजे टाइलला टाइल चिकटवून मधे काही जागाच नाही, भिंतीपाशीही फट नाही, मग तापमानाने आणि काँक्रीट आकसल्याने जो दाब येतो तो जाणार कुठे? वरच गेला. म्हणून तुमच्याकडे सांधा किती आहे तेही बघा, निदान २ मिमीचा स्पेसर (सांधा सारखा राहावा म्हणून टाइल्समधे ठेवतात तो तुकडा) घातलेला हवा आणि स्कर्टिंगच्या खाली भिंतीलगत थोडी फट हवी.

बाथरूमबद्दल तर चर्चाच नाही. ढाळ उलटा म्हणजे काम चुकलं, यात आवडनिवड येत नाही. मीटरला साधारण १० ते १२ मिमी उतार ट्रॅपकडे हवा. एक बादली पाणी ओता, पंधरा मिनिटांनी कुठे साचलंय आणि दारापर्यंत किती आलंय त्याचा व्हिडिओ काढा.

आता करायचं काय ते. एका कागदावर खोलीचा नकाशा काढा, चौकटी आखा, प्रत्येक टाइलला नंबर द्या. पोकळ टाइल्सवर खडूने फुली, कोपरा पोकळ असेल तर तिथेच फुली. हे वाचायला कंटाळवाणं आहे पण हाच कागद तुमचं काम करतो, कारण “बऱ्याच टाइल्स पोकळ आहेत” याला इंजिनिअर दोन मिनिटं देतो आणि “हॉल, टाइल नं. १४, खिडकीकडचा कोपरा” याला त्याला खाली वाकावं लागतं. मग बिल्डरला ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालतं पण नुसत्या त्याच्यावर राहू नका.

त्या पत्रात रेरा कायद्याचं कलम १४(३) लिहा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर प्रमोटरने, म्हणजे बिल्डरने, तो तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर नुकसानभरपाई, असं ते कलम आहे. कारागिरी हा शब्द त्यात आहे, नुसतं स्ट्रक्चर नाही. पझेशन लेटरवर सही केल्याने हा हक्क जात नाही, तो कायद्याने दिलाय, इंजिनिअरने नाही.

मागणी मात्र नेमकी करा. सगळी फरशी नको. कोपरा-कड पोकळ असलेल्या आणि सलग पोकळ पट्ट्यातल्या टाइल्स बदलून द्या, ॲडहेसिव्हने बसवा. दीड मिमीच्या वरच्या कडा काढून द्या. बाथरूमची फरशी पूर्ण काढून वॉटरप्रूफिंगसकट परत करा, आणि टाइल बसवायच्या आधी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा, खालच्या फ्लॅटचं छत तपासा. हे शेवटचं विसरू नका, ढाळ नीट करायच्या नादात वॉटरप्रूफिंग फाटलं तर पुढची पाच वर्षं खालच्या काकूंशी भांडण तुमचं. बिल्डरची माणसं “सांध्यात भोक पाडून इंजेक्शन मारून देतो” म्हणतील, म्हणजे टाइल न काढता पोकळीत पातळ माल भरायचा. एखाद्या टाइलला, मधे पोकळ असेल तर ठीक आहे, २७ ना इंजेक्शन म्हणजे बोळवण.

आणि एक गोष्ट नक्की करा. बदलायला सुरुवात होईल तेव्हा पहिली टाइल तुमच्या समोर, त्यांच्या माणसासमोर काढायला लावा आणि उलटी करून पाठीचा फोटो घ्या. पाठ पांढरी निघाली की पुढचा वाद तिथेच मिटतो, बाकीच्यांबद्दल कोणी “चालतं” म्हणत नाही. स्वतःचा मिस्त्री लावून आधीच काढू नका, मग ते म्हणतील तुमच्याच माणसाने बिघडवलं. रंगाच्या शेडचाही प्रश्न येईल, त्याच लॉटच्या टाइल्स त्यांच्याकडे शिल्लक आहेत का ते लेखी विचारा, नसतील तर ठिगळं लावण्यापेक्षा एक पूर्ण खोली नव्या लॉटची करून घ्या.

तीस दिवस गेले आणि काही हललं नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी ५ हजार. त्याआधी महारेराचा सलोखा मंच आहे, तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा माणूस बसून तडजोड घडवतात, पण बिल्डरने हो म्हटलं तरच. फरशीच्या वादाला मला तोच रस्ता बरा वाटतो, कारण तुम्हाला भरपाईचा चेक नकोय, चालता येईल अशी फरशी हवीय. सोसायटीत अजून चार घरांत हेच असेल (असणारच, मिस्त्री तोच होता) तर नकाशे एकत्र जोडा.

प्रश्न (नाशिक): मॅडम आमचं बंगल्याचं काम चालूये, वरच्या मजल्यावर लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब पट्ट्या घेतल्या, २०० बाय १२०० मिमीच्या, विटांसारख्या अर्ध्यावर सांधा येईल अशा बसवल्या. प्रत्येक सांध्यावर मधला भाग वर आलेला लागतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो मिस्त्री खराब. कॉन्ट्रॅक्टरचे ४० हजार द्यायचेत, तो रोज फोन करतो. करार वगैरे काही नाही, सगळं तोंडी.

उत्तर: दोघंही थोडे खरे आणि दोघंही थोडे हात झटकतायत. लांब टाइल भट्टीतून निघताना मधे किंचित फुगते, सगळ्याच कंपन्यांची. पेटीतल्या दोन टाइल्स घ्या, तोंडाला तोंड लावून धरा, मधे टेकतात आणि टोकांना फट दिसते ना? तोच बाक. आता अर्ध्यावर सांधा केला की एकीचा सगळ्यात उंच भाग दुसरीच्या सगळ्यात खालच्या टोकाला भिडतो, म्हणजे जेवढा बाक तेवढी पूर्ण कड दिसणार. म्हणून लांब टाइल्सना सांधा एक तृतीयांशाच्या पुढे सरकवायचा नाही असा नियम आहे, आणि पुष्कळ कंपन्यांच्या खोक्यावरही तो छापलेला असतो. खोकं फेकलं नसेल तर आधी त्याचा फोटो घ्या. हे डिझाइन अर्ध्यावर कर असं कोणी सांगितलं? तुम्ही सांगितलं असेल आणि त्याने “लांब टाइलला हे बरं दिसणार नाही” असं बजावलं असेल तर त्याची बाजू पक्की. त्याने स्वतःच्या मनाने केलं असेल तर चूक त्याची, रोज टाइल बसवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. बाक खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर दुकानदाराकडे जा, पण टाइल एकदा बसवली की “बसवण्याआधी तपासायची होती” हे बिलाच्या मागे छापलेलं वाक्य तो दाखवणार, तयारीत राहा.

४० हजार सगळे अडवू नका. जेवढ्या भागाला दुरुस्ती लागेल त्याचा दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या, तेवढे मागे ठेवा, बाकीचे बँकेतून द्या आणि मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की इतके दिले, इतके अमुक कामासाठी थांबवले. पूर्ण पैसे अडवले की कामाचा वाद मागे पडतो आणि पैशाचा वाद पुढे येतो, मग तुम्ही पैसे बुडवणारे ठरता. करार नाही म्हणून घाबरू नका, जीपेच्या एंट्र्या, “उद्या माणसं पाठवतो” असे मेसेज, मोजमापाची चिठ्ठी यावरून काम त्याने केलं हे सिद्ध होतं. नाहीच ऐकलं तर हे रेराचं प्रकरण नाही, तुमची जमीन, तुमचं बांधकाम, बिल्डर कोणी नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. कामाचे म्हणून जेवढे पैसे दिले ते ५ लाखांपर्यंत असतील तर तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवून बघा. आणि एखाद्या त्रयस्थ सिव्हिल इंजिनिअरचा मोजमापासकट रिपोर्ट घ्या, तुमच्या साडूचा मित्र नको.

प्रश्न (इचलकरंजी): ताई मी स्वतः टाइलचं काम करतो, सोळा वर्षं झाली. तुम्ही कायम मालकाच्या बाजूनं लिहिता म्हणून पत्र टाकलंय. आता लोक इंटरनेट बघून येतात, टॉर्च मारतात, नाणं वाजवतात आणि पैसे अडवतात. एका मालकानं सेकंडचा माल आणला, मी सांगितलं साइज कमीजास्त आहे, तो म्हणाला “तू बसव, अॅडजस्ट होतंय”. आता म्हणतो सांधे सरळ नाहीत, अठरा हजार द्यायला तयार नाही. आमचं कोण ऐकणार?

उत्तर: दादा, तुमचं बरोबर आहे, वर मीच वाकडच्या वाचकांना दोन कार्डं आणि खडू दिलाय, उद्या ते कोणाच्या तरी अंगावर येणार. सेकंडच्या मालात एकाच खोक्यातल्या टाइल्स एक-दीड मिमीने लहानमोठ्या निघू शकतात आणि २ मिमीच्या सांध्यात तो फरक लपवायला जागाच नसते, कुठल्याही मिस्त्रीला नाही. सांधा ३-४ मिमी घेतला तर थोडं सावरतं, पण मालकांना सांधा दिसायलाच नको असतो. पेपर जॉइंट मागणारे बिल्डर असतात तसे मालकही असतात, हे मला लिहायला हवं होतं.

तुमची चूक एवढीच की तोंडी सांगितलंत. आता त्या मालकाला मेसेज टाका, तारखेसकट, की अमुक दिवशी तुम्हाला साइज कमीजास्त असल्याचं सांगितलं होतं आणि तुम्ही बसवायला सांगितलं. तो काय उत्तर देतो ते बघा, बरेचदा माणूस चिडून “हो सांगितलं होतं म्हणून काय झालं” असं लिहून मोकळा होतो. शिल्लक टाइल्स त्याच्याकडे पडल्या असतील तर त्यातल्या पाच त्याच्यासमोर एकावर एक रचा, एक बाजू भिंतीला लावा, दुसऱ्या बाजूला पायरी दिसली की टेप लावून फोटो. तरी देत नसेल तर त्याने ज्याच्या ओळखीने तुम्हाला बोलावलं त्या माणसाला मधे घाला, अठरा हजारांसाठी वकील परवडत नाही. त्यानेही नाही हललं तर मात्र वकिलाची एक साधी नोटीस, तेवढ्यावर पुष्कळ जण निम्म्यावर तरी येतात.

पुढच्या कामाला पहिली ओळ बसवून झाली की थांबत जा. मालकाला बोलवा, वर उभं करा, अनवाणी चालायला लावा आणि “असंच पुढे करू ना?” हे विचारून त्याचा “हो” मोबाइलवर घ्या, खोक्यावरचा लॉट नंबर आणि “प्रीमियम” का “स्टँडर्ड” हा शिक्का त्याच फोटोत येऊ दे.